प्लग-इन हायब्रीड फॅमिली गाडी (अमेरिका): कोणती, कशी, आणि मुळात घ्यावी का?

निशिगंधा

नमस्कार मंडळी. नवी गाडी घ्यायची आहे आणि मन प्लग-इन हायब्रीडवर (घरी चार्ज करून आधी काही मैल विजेवर, पुढे पेट्रोलवर चालणारी गाडी) बसलंय. गरज अशी: न्यू जर्सी, स्वतःचं घर, एका गाडीपुरतं गॅरेज. आठवड्याचे पाच दिवस जाऊन-येऊन २८ मैल. दोन मुलं, धाकटा अजून बूस्टर सीटवर. उन्हाळ्यात सासू-सासरे नाहीतर आई-बाबा सहा महिने असतात, तेव्हा सहा माणसं आणि सामान एका गाडीत मावायला हवं. पूर्ण इलेक्ट्रिक नको, कारण लांबच्या प्रवासात चार्जर शोधत थांबायचं नाहीये.

विजेवर खरंच स्वस्त पडतं का? गॅरेजमध्ये काय काम करून घ्यावं लागेल? थंडीत काय होतं? आणि सरकारी सवलत गेली म्हणतात, मग आता यात अर्थ उरलाय का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

पाढेपाठ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

गाडीच्या खिडकीवरच्या ईपीए (संघराज्याची पर्यावरण संस्था) लेबलवर दोन आकडे असतात: १०० मैलांना किती युनिट (लेबलवर kWh) वीज लागते, आणि बॅटरी संपल्यावर एका गॅलनला किती मैल मिळतात. १०० मैलांच्या युनिटांना १०० ने भागा आणि गॅलनच्या मैलांनी गुणा. येणाऱ्या संख्येने पेट्रोलच्या भावाला भागलं की कळतं, वीज किती सेंटांच्या आत असेल तर परवडते.

टोयोटा रॅव्ह४ची २०२१ ते २०२५ची प्लग-इन घ्या: ३६ युनिट, ३८ मैल. ०.३६ × ३८ = १३.७. क्रायस्लरची पॅसिफिका हायब्रीड (हीही प्लग-इनच): ४१ युनिट, ३० मैल, म्हणजे १२.३. आउटलँडर प्लग-इन (२०२५ पर्यंतची): साधारण ५३ युनिट, २६ मैल, म्हणजे १३.८. माझदा सीएक्स-९०: ६० युनिट, २५ मैल, म्हणजे १५. गाड्या इतक्या वेगळ्या असूनही उत्तर १४ च्या आसपासच फिरतं. म्हणून ढोबळ नियम: पेट्रोलचा भाव भागिले १४. गॅलनला ३.२० डॉलर असेल तर २३ सेंट. तुमची वीज युनिटला २३ सेंटांहून स्वस्त असेल तर प्लग लावा, महाग असेल तर तीच गाडी हायब्रीड म्हणून चालवणं स्वस्त.

जर्सीच्या बिलात सप्लाय (वीज) आणि डिलिव्हरी (ती घरापर्यंत पोहोचवणं) असे दोन भाग असतात. बरेच जण सप्लायचा दर बघून खूश होतात. दोन्हींचे प्रति युनिट आकार एकत्र करा. महिन्याचा ठरावीक आकार मात्र धरू नका, तो गाडी नसतानाही भरावाच लागतो.

आता तुमचे २८ मैल. वर्षाला ५० आठवडे धरले तर ७,००० मैल. रॅव्ह४ला २,५२० युनिट. १८ सेंटांनी ४५४ डॉलर. हेच ७,००० मैल त्याच गाडीत पेट्रोलवर केले तर १८४ गॅलन, ३.२० च्या भावाने ५८९ डॉलर. वर्षाची बचत १३५ डॉलर. रात्रीचा दर १० सेंट मिळाला तर ३३७. दर ३० सेंट असेल तर उलट १६७ डॉलर जास्त जातील.

आकडे बघून हिरमोड होईल, पण ते आधी बघितलेले बरे. 'पेट्रोलपंप विसरा' ही जाहिरात २५ मैल प्रति गॅलनवाल्या जुन्या गाडीशी तुलना करते. चांगल्या साध्या हायब्रीडशी तुलना केली की फरक बराच आटतो.

कॅलिफोर्निया_पोळी

वरच्या पोस्टला जोरदार अनुमोदन. उत्तर कॅलिफोर्नियात पीजी अँड ईची वीज असेल तर ईव्ही२-ए दरपत्रक घेतल्याशिवाय प्लग-इनचा विचारच करू नका. त्यात दुपारी ४ ते रात्री ९ सगळ्यात महाग, आणि मध्यरात्री १२ ते दुपारी ३ सगळ्यात स्वस्त. गाडीतच चार्जिंगचं वेळापत्रक १२ नंतरचं लावायचं. स्वस्त वेळेतला दरसुद्धा देशाच्या मानाने चढाच आहे, त्यामुळे भागिले १४ चं गणित दर बदलला की पुन्हा करा.

कारपूल लेनच्या स्टिकरसाठी (एकट्याने जातानाही ती लेन वापरू देणारं) कोणी घेत असेल तर थांबा. ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली.

तारतम्य

गॅरेजबद्दल. गाडीच्या आधी वायरिंग ठरवा. आणि लोक समजतात त्यापेक्षा खूपच कमी काम लागतं.

साध्या १२० व्होल्टच्या आउटलेटमधून गाडीबरोबरची केबल बहुधा १२ अँपिअर घेते. १२० × १२ म्हणजे १.४४ किलोवॅट. रात्री ९ ते सकाळी ७, दहा तासांत १४.४ युनिट. रॅव्ह४च्या हिशेबाने ४० मैल, पॅसिफिकाच्या हिशेबाने ३५. तुमची गरज २८ मैलांची. म्हणजे साध्या आउटलेटवर भागतं, एक पैसा खर्च न करता. अट एवढीच की तो आउटलेट चांगला हवा.

चांगला म्हणजे काय ते नीट सांगते, कारण गडबड इथेच होते. मिक्सर दोन मिनिटं चालतो, गाडी दहा-दहा तास सलग १२ अँपिअर ओढते. प्लग सैल बसत असेल, किंवा आउटलेटच्या मागे तारा स्क्रूखाली न आवळता नुसत्या भोकात खुपसलेल्या असतील, तर त्या सांध्यावर उष्णता साठते, प्लास्टिक पिवळं पडतं आणि मग वितळतं. जुना आउटलेट काढून त्या सर्किटच्या अँपिअरला साजेसा, जाड बांध्याचा बसवा, तारा स्क्रूखाली घ्या. काम फार तर अर्ध्या तासाचं. पहिल्या दिवशी तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा. एक्स्टेन्शन कॉर्ड अजिबात नको, कितीही जाड असली तरी.

दुसरं, त्या सर्किटवर आणखी काय आहे ते शोधा. ब्रेकर पाडा आणि घरात फिरून काय काय बंद झालं ते बघा. गॅरेजचा आउटलेट, बाहेरचे दिवे आणि जास्तीचा फ्रीज हे सगळं अनेक घरांत एकाच १५ अँपिअरवर असतं. सलग चालणाऱ्या भारासाठी ब्रेकरच्या ८० टक्केच वापरायचे असतात. १५ चे ८० टक्के म्हणजे १२, ते सगळे गाडीनेच घेतले. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की ब्रेकर पडणार, आणि सकाळी गाडी अर्धी व फ्रीजरमधलं सगळं पाण्यात.

निशिगंधा

@तारतम्य, फारच उपयोगी. गॅरेजच्या आउटलेटवर फ्रीज नाही, पण गॅरेजचं दार उघडणारी मोटर आहे. आणि २४० व्होल्टचं करून घ्यायचंच असेल तर ५० अँपिअरचं करावं का? इलेक्ट्रिशियन तेच सुचवतोय, 'पुढे इलेक्ट्रिक घेतली तर उपयोगी' म्हणून.

तारतम्य

दाराची मोटर थोडा वेळच चालते, तरी १५ च्या सर्किटवर १२ अँपिअर गाडी आणि वर मोटर हे नकोच. गाडीसाठी वेगळी लाइन घ्या.

५० अँपिअरबद्दल: भिंतीवर लावतात तो डबा खरा चार्जर नाहीच. खरा चार्जर गाडीत असतो आणि किती वीज घ्यायची ते तो ठरवतो. पॅसिफिकाचा ६.६ किलोवॅटचा आहे. रॅव्ह४ प्राइमच्या (त्याच प्लग-इनचं आधीचं नाव) एसई ट्रिममध्ये, म्हणजे सुविधांनुसारच्या प्रकारात, ३.३ चा होता, ६.६ चा हवा तर एक्सएसईवर प्रीमियम पॅकेज घ्यावं लागे. प्रियस प्लग-इनचा ३.५ चा. अशा गाडीला ४८ अँपिअरच्या डब्याला लावलं तरी ती ३.५ च घेणार. म्हणून ट्रिम ठरवताना गाडीतल्या चार्जरची क्षमता लेबलवर वाचा. सेल्समन सगळ्या ट्रिम्सना एकच आकडा सांगतात.

प्लग-इनसाठी सगळ्यात शहाणा पर्याय: २४० व्होल्ट, २० अँपिअरचं सर्किट. १२ गेजची तार, दोन खांबांचा २० चा ब्रेकर, नेमा ६-२० प्रकारचा आउटलेट. सलग १६ अँपिअर, म्हणजे ३.८ किलोवॅट. पॅसिफिका चार तासांच्या आसपास भरते. रात्रभर गाडी उभीच असते, दोन तासांत भरून करायचं काय?

यात एक सोय आहे. गॅरेजमध्ये आधीच १२ गेजची, फक्त एकाच आउटलेटला जाणारी १२० व्होल्टची लाइन असेल, तर नवी तार न ओढता तिचंच २४० करता येतं. पॅनेलमध्ये एका खांबाच्या जागी दोन खांबांचा ब्रेकर, पांढऱ्या तारेला दोन्ही टोकांना काळी किंवा लाल टेप, आणि आउटलेट बदलून ६-२०. शेजारी-शेजारी दोन रिकाम्या खाचा लागतात. त्या लाइनवर दुसरं एकही आउटलेट किंवा दिवा असेल तर हे करायचं नाही, तिथे २४० व्होल्ट जाऊन वस्तू जळतील. परमिट काढून परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करा.

पुढे पूर्ण इलेक्ट्रिकचा विचार असेलच तर ४० चं सर्किट, ८ गेजची तांब्याची तार, ३२ अँपिअर. पण प्लग-आउटलेटच्या फंदात न पडता डबा थेट जोडून घ्या. कारणं दोन. ५० अँपिअरचे स्वस्त आउटलेट स्वयंपाकाच्या रेंजसाठी केलेले असतात, रोज रात्रीच्या सलग भाराने ते वितळल्याची उदाहरणं भरपूर आहेत. आणि २०२० च्या विद्युत संहितेपासून अशा आउटलेटला जीएफसीआय (वीज गळाली की लगेच बंद होणारा) ब्रेकर लागतो. डब्यात स्वतःचं तसंच संरक्षण असतं, दोघांचं एकमेकांशी पटत नाही आणि ब्रेकर विनाकारण पडत राहतो. थेट जोडलेल्या डब्याला हा त्रास नाही.

पॅनेल १०० अँपिअरचं असेल, घरात सेंट्रल एसी आणि विजेचा ड्रायर असेल, तर आधी लोडचा लेखी हिशेब मागा. १६ अँपिअर बहुतेक घरांत बसतात. ४८ साठी पॅनेल बदलायची पाळी आली तर तो खर्च प्लग-इनच्या बचतीतून कधीही निघणार नाही.

घाटवळण

आता गाड्या. सहा माणसं हवीत म्हटल्यावर यादी एकदम आखूड होते. रॅव्ह४, टुसॉन, प्रियस या पाच आसनी. उरतात त्या अशा.

पॅसिफिका हायब्रीड: सात जण, १६ युनिटांची बॅटरी, सुमारे ३२ मैल. जागेच्या बाबतीत बाकीच्यांची बरोबरीच नाही. सरकती दारं, कमी उंची, गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना चढता-उतरताना फार सोपी. बॅटरी मधल्या रांगेच्या खालच्या पोकळीत असल्यामुळे मधल्या सीट जमिनीत घडी होत नाहीत, उचलून काढाव्या लागतात. ऑल व्हील ड्राइव्ह नाही. आणि इलेक्ट्रिक-हायब्रीड असं निवडायचं बटण नाही, इंजिन कधी सुरू करायचं ते गाडीच ठरवते. कंपनीने २०२६ मॉडेल वर्षापासून इथली प्लग-इन बंद केली आहे, तेव्हा डीलरकडे उरलेली गाडीच मिळेल. भाव पाडायला वाव आहे, पण पाच-सात वर्षांनी विकताना काय मिळेल तेही मनात धरा. २०१७ ते २०२१ च्या गाड्यांवर आगीच्या धोक्यामुळे रिकॉल निघाले होते. कुठलीही गाडी घेताना तिचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसए या वाहन सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून बघणं हे दोन मिनिटांचं काम आहे, ते चुकवू नका.

आउटलँडर: २०२५ पर्यंतच्या मॉडेलात २० युनिट, ३८ मैल, ऑल व्हील ड्राइव्ह. तिसरी रांग आहे, पण बारा वर्षांच्या आतल्या मुलांपुरती. तिथे प्रौढ माणसाला तासभर बसवणं योग्य नाही. ती उघडली की मागे दोन पिशव्यांपुरतीच जागा उरते. बटणं मात्र सगळी: वीज राखून ठेवा, वीज भरा, फक्त विजेवर चाला. प्लग-इनमध्ये दुर्मीळ असं डीसी जलद चार्जिंग आहे, पण ते शादेमो पद्धतीचं, आणि तसे चार्जर अमेरिकेत कमी होत चाललेत. त्यासाठी म्हणून घेऊ नका.

सोरेंटो प्लग-इन: सहा आसनी, मध्ये दोन सुट्या खुर्च्या, विजेवर ३० मैलांच्या आसपास, पेट्रोलवर ३४ मैल प्रति गॅलन. आकाराने आटोपशीर आणि समतोल. थंडीतली मोठी अडचण आहे, त्यावर कोणीतरी लिहीलच.

माझदा सीएक्स-९०: चालवायला सुंदर, पण विजेवर २६ मैल. तुमच्या २८ मैलांना रोज शेवटी इंजिन सुरू होणार. व्होल्वो एक्ससी९०: दर्जा उत्तम, बजेट असेल तर बघा.

आणि आता स्पष्टच विचारतो: टोयोटाची सिएना का नको? २०२१ पासून ती फक्त हायब्रीडच येते, सात-आठ आसनी, ३६ मैल प्रति गॅलन, प्लगची कटकट नाही. वर्षाला १२,००० मैल धरा: ७,००० ऑफिसचे, ५,००० बाकी. सिएनाला ३३३ गॅलन, १,०६७ डॉलर. पॅसिफिकाचे ऑफिसचे मैल सगळे विजेवर: २,८७० युनिट, १८ सेंटांनी ५१७ डॉलर. उरलेले ५,००० पेट्रोलवर: १६७ गॅलन, ५३३ डॉलर. एकूण १,०५०. फरक वर्षाला १७ डॉलर!

सह्यकडा

@घाटवळण, गणित बरोबर आहे, पण गाडी काय फक्त डॉलरांसाठी घ्यायची? शाळेबाहेर मुलांना घ्यायला थांबलेल्या रांगेत पंचवीस गाड्यांचे धूर मुलांच्याच नाकातोंडात जातात. प्लग-इन तिथे इंजिन बंद ठेवून, हीटर किंवा एसी लावून उभी राहू शकते. साध्या हायब्रीडची बॅटरी दीड-दोन युनिटांची, तिचं इंजिन थोड्या-थोड्या वेळाने सुरू होतंच. जर्सीची वीज मुख्यतः अणुऊर्जा आणि नैसर्गिक वायूवर तयार होते, कोळशावर जवळजवळ नाहीच. म्हणजे इथे विजेवर चाललेला मैल खरोखर स्वच्छ असतो. बाकी पैसे सारखेच लागणार असतील तर मी हा मुद्दा निर्णायक मानतो.

शिवाय तुमच्या गणितात १८ सेंट गृहीत आहेत. रात्रीचा वेगळा दर मिळाला, किंवा छतावर सोलर असेल, तर पारडं सरळ प्लग-इनकडे झुकतं. टेक्ससमध्ये काही कंपन्यांच्या योजनांत रात्री वीज फुकट असते, दिवसाचा दर मात्र चढा. तिथे रात्री चार्ज करणाऱ्याचं गणित पूर्ण निराळं.

हिमशिखर

थंडीबद्दल. विजेवर केबिन गरम करायचे दोन मार्ग: हीट पंप (एसी उलटा चालवल्यासारखं बाहेरची उष्णता आत आणणारा) किंवा विजेचा हीटर. दोन्ही नसतील तर इंजिन सुरू करूनच उष्णता मिळते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या सोरेंटो आणि टुसॉन प्लग-इनमध्ये नेमकं हेच आहे. बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी हीटर लावला की इंजिन चालू. जर्सीत नोव्हेंबर ते मार्च म्हणजे पाच महिने विजेवर चालण्याचा अर्धा आनंद गेला. सीट आणि स्टिअरिंग गरम करून हीटर बंद ठेवला तर इंजिन शांत राहतं, पण मागे बसलेल्या मुलांचं काय? टेस्ट ड्राइव्हला गेलात की तापमान पूर्ण वर करून हीटर लावा आणि इंजिन लागतं का ते स्वतः बघा. हा प्रश्न सेल्समनला विचारण्यात अर्थ नाही.

रॅव्ह४ प्लग-इनला हीट पंप आहे. तोही साधारण उणे १० सेल्सिअसच्या खाली काम करत नाही, मग इंजिन येतं. कुठल्याही गाडीत हिवाळ्यात विजेवरच्या पल्ल्यातले २५ ते ३५ टक्के वजा धरा. ३२ मैलांची गाडी जानेवारीत २२-२३ वर येते. तुमचे २८ मैल हिवाळ्यात पूर्ण विजेवर होतील हे गृहीत धरू नका. ऑफिसात प्लग मिळत असेल तर प्रश्नच मिटतो, १४ मैल जाण्याचे, १४ येण्याचे.

निघण्याआधी प्लगला लावलेली असतानाच गाडी गरम करून घ्यायची. पण तारतम्य यांच्या मुद्द्याला जोड: १२० व्होल्टवर १.४४ किलोवॅटच येतात, हीटर त्याहून जास्त खातो, वरची तूट बॅटरीतून जाते. २४० व्होल्टचा खरा फायदा हिवाळ्यात इथे दिसतो.

आणखी एक, याबद्दल कोणी बोलत नाही. थंडीत इंजिन तीन-चार मिनिटंच चाललं आणि बंद झालं, असं रोज होत राहिलं तर ते कधी नीट तापत नाही. न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ तेलात उतरते, डिपस्टिकवर तेलाची पातळी वर चढलेली दिसते, वासही पेट्रोलचा येतो. आठवड्यातून एकदा हायवेवर हायब्रीड मोडमध्ये वीसेक मिनिटं सलग चालवा. इंजिन पूर्ण तापलं की तेलातली वाफ आणि पेट्रोल उडून जातं. आणि मैल कमी झाले म्हणून तेल बदलणं पुढे ढकलू नका, वर्षातून एकदा बदलायचंच.

जमाखर्च

सवलतींचं एकदा नीट लिहितो, कारण जुनी माहिती अजून सगळीकडे फिरते आहे.

७,५०० डॉलरांची संघराज्याची सवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना नाही. लीजमधून (गाडी ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेऊन) मिळायची ती पळवाटही त्याच दिवशी बंद झाली. घरच्या चार्जरच्या खर्चावर ३० टक्के, जास्तीत जास्त १,००० डॉलर, हे ३० जून २०२६ पर्यंत सुरू झालेल्या जोडणीला आहे. त्यासाठी आयकराचा फॉर्म ८९११. पण घर ठरावीक जनगणना विभागांत, म्हणजे कमी उत्पन्नाच्या किंवा शहरी नसलेल्या भागात असावं लागतं. जर्सीची बरीच उपनगरं त्यात बसत नाहीत, पत्ता तपासूनच इलेक्ट्रिशियनला हो म्हणा.

आयकरात नवीन आलेली वजावट गाडीच्या कर्जाच्या व्याजाची: २०२५ ते २०२८, वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत व्याज. गाडी नवी हवी, स्वतःच्या वापराची हवी, लीज चालत नाही, आणि गाडीची अंतिम जुळणी अमेरिकेत झालेली हवी. इथेच गोम आहे. पॅसिफिका कॅनडातल्या विंडसरची. आउटलँडर, सीएक्स-९० आणि रॅव्ह४ प्लग-इन जपानच्या. सोरेंटो प्लग-इन कोरियाची. यांतली एकही बसत नाही. सिएना मात्र इंडियानात बनते, ती बसते. व्हीआयएनचा पहिला आकडा १, ४ किंवा ५ असेल तर अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको, जे जपान, के कोरिया.

उत्पन्नाची मर्यादाही आहे. जोडप्याचं २ लाख डॉलरांच्या वर गेलं की दर हजारामागे २०० डॉलर वजावट कापली जाते. व्याज वर्षाला २,५०० असेल तर २ लाख १२ हजारांच्या थोडं पुढेच सगळं शून्य. दोघंही नोकरी करत असतील तर हा मुद्दा बहुधा यादीतून काढूनच टाका.

राज्याची फी: जर्सीत वर्षाला २५० डॉलरांपासून सुरू झालेली जादा नोंदणी फी फक्त पूर्ण इलेक्ट्रिकला आहे, प्लग-इनला नाही. इतर काही राज्यांत प्लग-इनलाही लावतात, तिथल्यांनी आपलं बघावं.

डीलरशी बोलताना महिन्याच्या हप्त्यावर चर्चा करूच नका. 'सगळं धरून दारात किती' हा एकच आकडा ईमेलवर, फोड करून मागा. त्यात गाडी, ६.६२५ टक्के विक्रीकर, नोंदणी, डॉक्युमेंट फी. कॅलिफोर्नियात ती फी ८५ डॉलर आणि न्यू यॉर्कमध्ये १७५ डॉलरांच्या वर घेता येत नाही, जर्सीत मात्र डीलर मागेल तेवढी, म्हणून तिच्यासकट भाव करा. टायरमध्ये नायट्रोजन, रंगाचं संरक्षण, खिडक्यांवर कोरलेला नंबर, 'मार्केट अॅडजस्टमेंट' (मागणी आहे म्हणून वर लावलेली रक्कम): प्रत्येकाला शांतपणे नाही म्हणा. लीज घेत असाल तर मनी फॅक्टरला (लीजमध्ये व्याज ज्या आकड्यात सांगतात तो) २,४०० ने गुणा, व्याजाचा दर कळतो. ०.००२५ म्हणजे ६ टक्के.

मुळामुठा

मध्येच विचारतो, इथे पुण्यात अशी गाडी मिळते का? सोसायटीत चार्जिंगचं नक्की नाही, म्हणून प्लग-इन बरी वाटते.

घाटवळण

@मुळामुठा, कुटुंबाच्या बजेटमध्ये नाही. भारतात प्लग-इन म्हणजे बीएमडब्ल्यू एक्सएमसारख्या फार महाग गाड्या. इनोव्हा हायक्रॉस, ग्रँड व्हिटारा, सिटीची हायब्रीड या सगळ्या स्वतःच चार्ज होणाऱ्या, त्यांना प्लग नाही. करही आड येतो: पूर्ण इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के, मोठ्या हायब्रीडवर सप्टेंबर २०२५ पासून ४०. चार्जिंगची खात्री नसेल तर प्लग-इनचा उपयोगच होत नाही, वजनदार बॅटरी नुसती वाहायची. तुमच्यासाठी साधी हायब्रीडच योग्य.

निशिगंधा

सगळ्यांचे मनापासून आभार. आधी २० अँपिअरची वेगळी २४० व्होल्टची लाइन करून घेते, ती वाया जाणार नाही. पॅसिफिका आणि सिएना दोन्ही आई-बाबा इथे असतानाच दाखवायला नेणार, सगळ्यांना बसवून. पॅसिफिकाचा भाव सिएनाच्या खाली आला तरच ती, नाहीतर सिएना.

शेवटचा प्रश्न: डिसेंबरात महिनाभर भारतात जायचं असतं. गाडी प्लगला लावून जावी का?

तारतम्य

नको. मोठी बॅटरी महिनाभर १०० टक्क्यांवर ठेवणं तिच्या तब्येतीला चांगलं नाही. अर्ध्याच्या आसपास आणून, प्लग काढून जा. तिची गळती अगदी थोडी असते.

दगा देते ती १२ व्होल्टची छोटी बॅटरी. कुलूप, अलार्म, मोबाइल अॅपशी बोलणारा मोडेम हे सगळं तिच्यावर चालतं, आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, कारण मोठ्या बॅटरीचा स्विच छोटीनेच ओढायचा असतो. नुसती प्लगला लावून ठेवली म्हणजे १२ व्होल्टची भरत राहील असं प्रत्येक गाडीत नसतं. गॅरेजमध्ये आउटलेट आहेच, तर एक-दीड अँपिअरचा बॅटरी मेंटेनर लावून जा. बॅटरी एजीएम प्रकारची असेल तर मेंटेनरवर तो मोड निवडा. किल्ली गाडीपासून लांब, घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, नाहीतर गाडी तिला शोधत जागी राहते.

मेंटेनर नसेल तर ऋण टोकाची तार काढून ठेवतात, पण आधी बॅटरी कुठे आहे ते बघा. काही हायब्रीड गाड्यांत ती मागे सामानाच्या जागेत असते आणि मागचं दार विजेवर उघडतं. तार काढून दार लावलंत की परत आल्यावर ते उघडणार नाही. अशा बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली जंप देण्यासाठी वेगळं धन टोक दिलेलं असतं, लाल झाकणाखाली. किल्लीतल्या धातूच्या पात्याने चालकाचं दार उघडायचं, बॉनेट उघडायचं, तिथून जंप द्यायचा. गाडी ताब्यात घेताना डीलरकडे या तिन्ही गोष्टी हाताने करून बघा: पातं किल्लीतून निघतं का, दाराचं भोक कुठे लपवलंय, आणि ते लाल झाकण कुठे आहे.